माझ्या ओळी, तिच्या ओळी

ती पहिल्या दिवशी लॅबमध्ये आली तेव्हाच माझ्या मनातून उतरली. आता लिहायलाच बसलेय तर खोटं कशाला लिहू? तिनं वाईट काहीच केलं नव्हतं. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, कुणी सांगायच्या आत कोपरापर्यंत हात धुतले, नखं तर घरूनच कापून आली होती. नव्या पोरींना एवढं शिकवता शिकवता माझे पंधरा पंधरा दिवस जातात. हिला शिकवायला काही शिल्लकच नव्हतं, आणि तेच मला खटकलं.

आमची लॅब कराडहून इस्लामपूरकडं जाताना हायवेच्या आतल्या अंगाला आहे. बाहेरून बघणाऱ्याला कोल्ड स्टोरेज वाटेल. आत काचेच्या बाटल्यांत केळीची रोपं वाढतात, मातीशिवाय, जेलीसारख्या खुराकावर. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, मिलिटरीत होते तेव्हा वेळ जावा म्हणून मी इथं बाटल्या धुवायला लागले. बारावी सायन्स झाले होते, पुढचं शिक्षण लग्नामुळं राहिलं. बाटल्या धुता धुता चिमटा हातात आला, चिमट्यामागून ब्लेड आलं, आणि बघता बघता सगळ्या पोरी मला मॅडम म्हणायला लागल्या.

काम तसं सोपं नाही. काचेच्या कपाटासमोर बसायचं, तिथं गाळलेली हवा सतत अंगावर येत असते. चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, कोंब कापायचा, बाटलीत लावायचा. बोलायचं नाही, खोकायचं नाही. जरा चुकलं की चार दिवसांत बाटलीत बुरशीचा कापूस. माझ्या बाटल्या क्वचित जायच्या. लॅब बघायला कुणी आलं की आमचे साहेब, लॅब त्यांचीच, त्या माणसाला माझ्या टेबलापाशी आणून म्हणायचे, "आमच्या बाईंचा हात बघा." हे ऐकायला मी कुठंही असले तरी कान टवकारून असायची.

मग साहेबांच्या डोक्यात मिरची शिरली. आमच्या भागात मिरची म्हटली की बोकड्या आलाच. पानं वर मुडपून वाटीसारखी होतात, शेंडा बसतो, फुलं गळतात आणि रोप खुरटून जागच्या जागी राहतं. पांढरी माशी हा रोग या रोपावरनं त्या रोपावर नेते. माणसं माशीवर औषध मारून मारून थकतात. साहेबांचं म्हणणं असं की औषध किती दिवस मारत बसायचं, बोकड्या लागणारच नाही असं रोपच काढू.

आणि तसलं झाड मी दाखवलं त्यांना. माझ्या माहेरी, वाळव्याकडं, परड्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर एक लवंगी मिरचीचं झाड होतं. आजूबाजूची मिरची बोकड्यानं जायची, याला कधी काही झालं नाही. पण मिरच्या अगदी बारीक, तोडायचा कंटाळा यावा अशा. साहेबांनी त्या झाडाचा बाजारातल्या लांब मिरचीशी संकर केला. एवढ्यावर भागत नाही. संकराच्या झाडाचं बी पेरलं तर एका रोपात आईचा गुण, दुसऱ्यात बापाचा, तिसऱ्यात दोन्ही नाहीत. हवं ते रोप निवडून त्याचं बी पक्कं करायला वर्षांवर वर्षं जातात. ती वर्षं वाचवायची युक्ती टिश्यू कल्चरमध्ये आहे. संकराच्या झाडाची कळी उकलायची, आतले परागकोश, म्हणजे परागाच्या इवल्या पिशव्या, बाटलीत लावायचे आणि नुसत्या परागापासून रोप उठवायचं. परागात गुणांचा अर्धाच वाटा असतो, म्हणून हे रोप दुबळं निघतं. पण एका औषधानं तो अर्धा वाटा दुप्पट केला की रोप पक्कं होतं, आणि त्याचं बी मग जसंच्या तसं उगवतं. प्रत्येक रोपात गुणांचा वाटा वेगळा पडतो. कुणात बोकड्याला तोंड द्यायची ताकद आली, कुणात नाही, हे शेतात लावल्याशिवाय कळत नाही.

सगळं कसब कळी निवडण्यात. फार कोवळी घेतली तर काही उगवत नाही, फुलायला आलेली घेतली तरी नाही. आतल्या परागकोशांच्या टोकाला जांभळी छटा नुकती चढलेली असते, तीच वेळ. ती छटा ओळखायला मी माझी मी शिकले. दोन वर्षं सकाळी उजाडताच झाडांपुढं उभी राहून कळ्या खुडल्या. डबाभर कळ्यांमागं एखादा कोंब यायचा. तो आला की मी साऱ्या लॅबला पेढे वाटल्यासारखी मिरवायची.

तेवढ्यात ही आली. तासगावकडची, द्राक्षबागाईतदाराची लेक, एम.एस्सी. झालेली, इस्लामपुरात खोली घेऊन राहायची आणि स्कूटीवरनं यायची. मला म्हणाली, "काकी, मला मिरचीवर दिलंय साहेबांनी." काकी! तिच्या माझ्यात अंतर ते काय, जेमतेम सतरा वर्षांचं. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्याही काकी म्हणायला लागल्या. मॅडमपण माझं एका दिवसात गेलं.

दोन महिन्यांत तिच्या बाटल्यांत कोंबच कोंब. एका परागकोशातनं तीन तीन पांढरे कोंब बाहेर डोकावत होते. साहेबांनी फोटो काढून स्टेटसला ठेवला. माझ्या कोंबाचा फोटो त्यांनी कधी ठेवला नव्हता. तो स्टेटस मी किती वेळा उघडून बघितला असेल, सांगायलाही लाज वाटते.

मी तिला विचारणार नव्हते. तीच आपणहून म्हणाली, आणि तेही सगळ्यांसमोर, "काकी, कळ्या खुडल्या खुडल्या लावू नका. आधी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. गारठा बसला की पराग जागा होतो."

"भाजी आहे का ती फ्रिजमध्ये ठेवायला?" मी म्हणाले.

पोरी हसल्या, तीही हसली. तिला राग आला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात मी गुपचूप कळ्या डब्यात घालून घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दह्याच्या भांड्यामागं ठेवल्या. माझ्याही बाटल्यांत कोंब आले. ते बघून ती टाळ्या वाजवायला लागली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला, कारण कोंब माझे असले तरी अक्कल तिची होती.

घरी मला दुसरा विषय नव्हता. मालक मिलिटरीतनं रिटायर होऊन आलेले, आता आमचा ऊस आणि चार जनावरं बघतात. बोलणं कमी. मी चुलीपुढं भाकरी थापत बडबडायची आणि ते पाटावर बसून ऐकायचे. आज ती असं म्हणाली, आज साहेबांनी तिला मीटिंगला बोलावलं, मला नाही. आज पाहुणे आले तर साहेब सरळ तिच्या टेबलाशी गेले. मालक मधनं मधनं "हं" करायचे. एकदा म्हणाले, "आगं, पोर हाय ती. कशाला मनाला लावून घेतीस?" त्या दिवशी मी त्यांच्याशीही बोलले नाही.

दोघींची रोपं तयार झाली तसं साहेबांनी आम्हाला बोलावलं आणि एकदाचं सांगून टाकलं. शेतात दोघींच्या रोपांची परीक्षा घ्यायची. जिची रोपं बोकड्याला पुरून उरतील तिची मिरची पुढं न्यायची, आणि मिरचीचा नवा विभाग तिच्या ताब्यात द्यायचा. दोघींची रोपं सांभाळायला जागा नाही, एकीचीच राहतील. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काकी, तुम्हीच जिंकणार बघा." मी मनात म्हटलं, जिंकणारच. आणि नाही जिंकले तर? एवढी वर्षं इथं हाडं झिजवून, माझ्याच माहेरच्या मिरचीवर, कालच्या पोरीच्या हाताखाली उभं राहायचं? तिनं "काकी, हे असं करा" म्हणायचं आणि मी मान डोलवायची? नुसता विचार आला तरी घास घशाखाली उतरायचा नाही.

परीक्षेला जागा आमच्याच शेतातली ठरली, विहिरीमागचा तुकडा. गावात चहूकडं मिरची, टोमॅटो, त्यामुळं पांढऱ्या माशीला तोटा नाही. शिवाय कडेनं आणि मधे मधे आम्ही बोकड्यानं वळलेली रोपं मुद्दाम आणून लावली, रोग चांगला पसरावा म्हणून. गावातल्या बायका बांधावर थांबून बघायच्या. एकजण म्हणाली, "काय वैनी, यंदा रोगाची शेती व्हय?" साऱ्या गावात हसं झालं. नियम एकच होता, औषधाचा एक थेंब मारायचा नाही. रोप आपल्या ताकदीनं जगलं तर जगलं, नाहीतर गेलं.

साहेबांनी काठ्यांवर नुसते नंबर टाकले होते. कुणाची रोपं कुठली हे मुद्दाम लिहिलं नव्हतं, बघणाऱ्याचं मन कुणाकडं झुकू नये म्हणून. पण रोपं लावणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळं आम्हाला ठाऊक होतंच. लावली त्या दिवशी संध्याकाळी मी मालकांना शेतात नेलं आणि हात करून दाखवलं, "विहिरीकडच्या सहा ओळी माझ्या. बांधाकडच्या सहा तिच्या." एवढं दाखवायची काही गरज नव्हती. पण कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही.

महिन्याभरात तिच्या ओळी वळायला लागल्या. आधी एक, मग चार, मग सगळीकडं पानांच्या वाट्या. माझ्या ओळी हिरव्यागार, पानं तळहातासारखी सपाट. मी रोज सकाळी लॅबला जायच्या आधी चक्कर मारायची आणि तिची नवी किती गेली ते मोजायची. माझी मोजायची गरजच नव्हती. घरी येऊन म्हणायची, "आज आणि तीन गेली तिची." आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, एखाद्याच्या घरात दुखणं आलेलं असं आनंदानं सांगतात का?

एका रविवारी ती नोंदी घ्यायला आली. वही उघडून ओळीओळीनं फिरली, एकेका रोपापुढं उकिडवी बसली. शेवटी उठून म्हणाली, "काकी, माझी पाचच राहिलीत. बाकी सगळी गेली. तुमचं एकपण गेलं नाही." डोळे भरले होते तिचे, पण आवाज साधा होता. मी तिला हाताला धरून घरी नेलं आणि जेवू घातलं. खर्डा केला, गरम भाकरी, वर लोणी. आग्रह करकरून वाढलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच मी तिच्याशी मायेनं वागत होते, कारण आता ती हरली होती. तिला बिचारीला वाटलं असेल काकी किती चांगल्या आहेत.

साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि गुरुवारी येतो म्हणाले. तिच्या ओळी उपटून टाकायच्या, माझ्या ओळींवर जाळी घालून बी धरायचं. मी विचारलं, "आणि तिची ती पाच?" ते म्हणाले, "एवढ्यातनं पाच वाचली, माशी बसली नसेल त्यांच्यावर. तुमच्या सहाच्या सहा ओळी उभ्या असताना पाचासाठी कुठं जागा अडवू?" मला पटलं. मला तेव्हा काहीही पटलं असतं.

बुधवारी सकाळी मी शेतात गेले ती मोबाईल घेऊन. साहेबांच्या आधी मला माझ्या स्टेटसला फोटो ठेवायचा होता. पानाची खालची बाजूही छान दिसावी म्हणून एक पान उलटं केलं. फोटो काढला. मग दुसरं उलटं केलं. मग तिसरं. मग फोन कमरेला खोचून मी खालीच बसले.

माझ्या पानांखाली एकही माशी नव्हती. मुंगी नाही, कोळी नाही, काही नाही. आता हे असं कसं? बोकड्या न लागणाऱ्या झाडावरही माशी बसते. माशीला काय कळतंय हे झाड कसलं आहे ते. ती बसते, रस पिते, रोग टोचते, फक्त तो रोग झाडात मुरत नाही. माहेरच्या लवंगीला हात लावला की पांढऱ्या माश्यांचा पीठ उडाल्यासारखा लोट उठायचा, तरी पानं सपाट. मी पळत तिच्या ओळींत गेले आणि त्या पाचांतल्या एकाचं पान उलटलं. खाली माश्याच माश्या, दाटीवाटीनं बसलेल्या. आणि पान सपाट. दुसऱ्याचं तसंच. पाचीच्या पाची खरी होती. माझ्या ओळींत मधे मधे लावलेल्या रोगट रोपांकडं मग नीट बघितलं, तर त्यांच्या पानांखालीही एक माशी नाही. ती रोपं तर माशीनं रोग पसरवावा म्हणूनच आणलेली, त्यांच्यावरची माशी गेली कुठं?

मालक विहिरीच्या काठावर पाठीवरचा पंप धूत बसले होते. उसात तर त्या महिन्यात काही फवारायचं नव्हतं.

"आवं," मी म्हटलं, "हितं औषध मारलंय का कुणी?"

ते मान वर न करता म्हणाले, "व्हय. मी."

"कवापासनं?"

"लावलीस त्येच्या पंधरा दिसांनी. तू लॅबला गेलीस की. तीन डाव मारलं."

"आवं, पण मी सांगितलं हुतं न्हवं? एक थेंब मारायचा न्हाई म्हणून?"

"सांगितलं हुतंस." त्यांनी पंप बाजूला ठेवला. "तुझ्या चार रोपांचं शेंडं वळायला लागलं हुतं. तुझ्या ध्यानात आलं नसंल, मला दिसलं. तू रोज सांच्याला म्हणायचीस, माझी रोपं जगली पाहिजेत, न्हाईतर त्या पोरीच्या हाताखाली जावं लागंल. जेवत न्हवतीस, झोपत न्हवतीस. मग मी काय नुसता बघत बसू? डोळ्याम्होरं रोप मरताना बघवतं का कुणाला?"

"आणि तिच्या ओळीत?"

ते माझ्याकडं बघायला लागले, हे काय विचारणं झालं अशा नजरेनं. "तिच्यात कशाला मारू? तूच म्हणालीस न्हवं, तिच्या जळू देत."

म्हणाले होते मी. अगदी ह्याच शब्दांत, भाकरी उलटता उलटता. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाची ऑर्डर मोडली नाही, त्यानं माझ्यासाठी मोडली होती. राग कुणावर काढू?

त्या दिवशी मी कुणालाही काही सांगितलं नाही. लॅबमध्ये गेले, काम केलं. मनाशी हिशेब चालूच होता. मी तर काही केलं नाही ना? मला तर ठाऊकही नव्हतं. चारच वळत होती म्हणतात, म्हणजे बाकीची खरीही असतील. उगाच बोलून मालकांची अब्रू का घालवा? ती शिकलेली आहे, तिला पुण्यात कुठंही नोकरी मिळेल, माझं काय? दुपारी ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि तिच्याकडं बघितलं नाही.

गुरुवारी साहेब आले. माझ्या ओळींपुढं उभे राहिले, कमरेवर हात ठेवून हसले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "आमच्या बाईंचा हात बघा." कितीतरी महिन्यांनी ऐकलं ते. मी तोंड फिरवलं आणि बांधाकडं बघितलं.

ती तोवर बांधाकडं गेली होती. गडी बोलावू म्हटलं तर नको म्हणाली, मीच उपटते. एकेक वाळकं, वळलेलं रोप उपटून बाजूला टाकत पुढं सरकत होती. त्या पाचातल्या पहिल्याशी आली. जरा थांबली. हाताची मूठ बुडख्याशी आवळली तिनं.

"थांब!" मी ओरडले. "हात लावू नको त्येला. माझी खोटी हायत. औषध मारलेली हायत माझी."

मालक मागनं पुढं आले आणि ताठ उभे राहिले. "मी मारलं, सर. हिला ठावं न्हवतं."

"काल सकाळपासून ठाऊक होतं," मी म्हणाले. तेवढं मी म्हटलं. त्याचं श्रेय कुणी देऊ नये, एक दिवस आधी म्हणायला हवं होतं.

साहेबांनी आवाज चढवला नाही. ते माझ्या ओळींतनं एकदा शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. "बाई," ते म्हणाले, "ह्यातलं कुठलं आपल्या ताकदीवर जगलं आणि कुठलं औषधावर, ते आता मी तरी कसं सांगू? असलं बी शेतकऱ्याला दिलं आणि त्यानं आपल्यावर विश्वास ठेवून औषध बंद केलं तर?" विभाग तिचा झाला. तिची पाच राहतील, माझ्या सहाही ओळी निघतील, असं ठरलं. मी तिथंच पदर खोचला आणि उपटायला लागले. हिरवीगार रोपं, फुलं लागलेली. एखादं ह्यात खरं असेल, तेही आपल्याच हातानं जातंय, आणि ते कुठलं हे मला कधीच कळणार नाही. रडू आवरेना. मालक बाजूला बसून उपटायला लागले तर मी त्यांना हात लावू दिला नाही.

ती माझ्याशेजारी येऊन बसली. "काकी, शेंडे काढून घेऊ सगळ्यांचे. नंबर घालून बाटलीत लावू. रोपं परत तयार होतील, परत लावून बघू."

"काही नको मला."

"तुम्हाला नको असेल. मिरचीला हवंय." एवढं बोलून तिनं ओल्या फडक्यात शेंडे गुंडाळायला सुरुवातही केली.

शेतातला शेंडा बाटलीत लावणं म्हणजे महाकठीण. उघड्यावरची सगळी घाण त्याच्या अंगाला चिकटून आलेली असते, कितीही धुतलं तरी. दोघी शेजारशेजारच्या कपाटांत बसलो, निम्मे शेंडे तिच्याकडं, निम्मे माझ्याकडं. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं, चिमटा पुरता तापायच्या आतच मी पुढचा शेंडा उचलत होते. आठवड्यात माझ्या जवळजवळ सगळ्या बाटल्या बुरशीनं भरल्या. तिच्या टिकल्या. माझी रोपं जगली ती तिच्या हातानं, हे मी तिच्या टेबलाशी उभी राहून रोज बघत होते.

यंदा त्या रोपांची पुन्हा परीक्षा झाली, लॅबच्या आवारात, कुंपणाच्या आत. मालकांना मी फाटकापासूनच परत पाठवायची. ओळींत फिरून नोंदी मी घेत होते, वही तिची होती. माझी बहुतेक वळली. तीन राहिली, पानांखाली माश्या घेऊन. त्यातल्या एकाला अशा लांब, तकतकीत मिरच्या लागल्या की तिच्या पाचांपैकी एकालाही तशा नव्हत्या. साहेब पाहुण्यांना घेऊन आले. त्या झाडापुढं थांबले. एका पाहुण्यानं विचारलं, "हे कुणी काढलं?"

ती विभागाची प्रमुख. बाटलीत ते तिनंच वाचवलं होतं. "आमच्या विभागानं" म्हणाली असती तरी कुणाला चुकीचं वाटलं नसतं, मलाही नाही. तिनं माझ्याकडं हात केला. "यांनी," म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडं वळली.

सगळे माझ्याकडं बघून हसले. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिथं उभी राहून मनातल्या मनात उलटं करून बघत होते, झाड तिचं असतं, ते वाचवलं मी असतं, विभाग माझा असता, आणि पाहुण्यानं मला विचारलं असतं. तिच्याकडं हात करायला माझा हात उठला असता का? नसता उठला. मला ठाऊक आहे, नसता उठला. कोंब, स्टेटस, विभाग, कशाकशावरनं मी तिच्यावर जळले होते, पण त्या क्षणाइतकी कधीच जळले नाही.